जेटवरचा आकडा

कार्बुरेटरचा मेन जेट तळहातावर ठेवला तर तो हरभऱ्याच्या दाण्याहून फारसा मोठा दिसत नाही. पितळेचा छोटा स्क्रू, मधोमध आरपार गेलेले बारीक भोक आणि अंगावर ठोकलेला एक आकडा: 95, 110, 160. मोटारसायकलींचे इतिहास इंजिनांची चित्रे छापतात, शर्यती जिंकणाऱ्यांची नावे देतात, कारखाने कधी उघडले आणि कधी बुडाले ते सांगतात. या आकड्यापाशी मात्र कोणी थांबत नाही. त्यामुळे एक गैरसमज पक्का होऊन बसला आहे. कोणत्या मापाचा जेट घालायचा, सुई किती वर ठेवायची, एअर स्क्रू किती फिरवायचा हे सगळे काम, ज्याला एकत्रितपणे जेटिंग म्हणतात, ते कानाचे, हातगुणाचे आणि अंदाजाचे होते असे आपण मानतो. माझे म्हणणे वेगळे आहे. जेटिंग हे मोजमापाचे काम होते. फार शिक्षण नसलेल्या कारागिराला आपल्या हातांनी करता येईल असे ते प्रयोगशास्त्र होते, आणि त्याला शिस्त लागली ती मुख्यतः चिखलात, वाळूत आणि डोंगरउतारावर धावणाऱ्या छोट्या इंजिनांमुळे.

सुरुवातीच्या कार्बुरेटरमध्ये जेट नव्हताच. पेट्रोलच्या पृष्ठभागावरून किंवा भिजलेल्या वातींमधून हवा खेचायची आणि जेवढी वाफ तिच्याबरोबर जाईल तेवढ्यावर इंजिन चालवायचे, अशी पद्धत होती. किती पेट्रोल गेले हे हवेच्या उबेवर आणि टाकीतल्या पातळीवर ठरे. माणसाच्या हातात काही नसे. 1893 मध्ये जर्मनीत विल्हेल्म मायबाखने आणि बुडापेस्टमध्ये डोनात बांकी व यानोश चोंका या जोडीने पेट्रोल बारीक भोकातून फवारून देण्याची योजना मांडली. अरुंद नळीतून वाहणाऱ्या हवेचा दाब कमी होतो, हे जोव्हान्नी बत्तिस्ता व्हेंतुरीने 1797 मध्येच लिहून ठेवले होते. त्या कमी दाबाने पेट्रोल वर ओढले जाते. भोक आले म्हणजे माप आले. पण नुसत्या भोकाचा एक दोष लगेच दिसला. हवेचा वेग वाढत गेला की पेट्रोल हवेपेक्षा जास्त प्रमाणात येऊ लागते, म्हणजे मंद गतीला बरोबर असलेले मिश्रण वेगात रिच होते, गरजेपेक्षा जास्त पेट्रोलाचे होते. लिआँच्या फ्रांस्वा बाव्हेरेने दोन जेटांची जोडी लावून यावर उपाय काढला आणि झेनिथ कार्बुरेटर त्यावर उभा राहिला. मोटारसायकलींनी दुसरी वाट धरली. 1927 मध्ये बर्मिंगहॅममध्ये अमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स या तीन नावांतून अमल ही कंपनी तयार झाली. तिच्या कार्बुरेटरमध्ये थ्रॉटलबरोबर वरखाली होणारी स्लाईड होती आणि स्लाईडला टोकाकडे निमुळती होत जाणारी सुई लटकवलेली होती. सुई जसजशी वर जाईल तसतशी भोकातली मोकळी जागा वाढत जाईल.

या रचनेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढचा सारा इतिहास तिच्यात दडला आहे. स्लाईडच्या कार्बुरेटरमध्ये पेट्रोलाचे प्रमाण एकाच ठिकाणी ठरत नाही. थ्रॉटल जवळजवळ बंद असताना पायलट जेट आणि एअर स्क्रू यांचा अंमल चालतो. थोडा उघडला की स्लाईडच्या खालच्या कडेला दिलेला तिरका छेद महत्त्वाचा ठरतो. पाव ते पाऊण थ्रॉटलच्या पट्ट्यात सुईचा निमुळतेपणा आणि तिची उंची बोलते. पुढे पूर्ण थ्रॉटलपर्यंत मेन जेटचे राज्य असते. या हद्दी काटेकोर नाहीत. एकाचा अंमल दुसऱ्याच्या हद्दीत थोडा शिरतोच. म्हणून अमलने आपल्या ग्राहकांना जुळवणीचा जो क्रम सांगितला, तो आधी मेन जेट, मग पायलट, मग स्लाईडचा छेद, मग सुई आणि शेवटी पुन्हा एकदा पायलट असा होता. तो शेवटचा फेरा मला फार मोलाचा वाटतो. एका जागी केलेला बदल दुसऱ्या जागी सरकतो हे ओळखून, पहिले उत्तर पुन्हा तपासा असे सांगणारी ती सूचना आहे. अंदाजपंचे चालणाऱ्या धंद्यात असा फेरा सुचत नाही.

रस्त्यावरच्या वाहनाला एवढ्या बारकाव्याची निकड कधी भासली नाही. रस्त्यावर थ्रॉटल बराच वेळ एकाच जागी असतो, चढ हळूहळू येतो, आणि कारखान्याने घातलेला जेट दोन्ही बाजूंनी थोडी चूक पोटात घालून वर्षानुवर्षे चालतो. ही सोय ऑफ-रोड शर्यतीत उरली नाही. 1924 च्या मार्चमध्ये इंग्लंडमधल्या सरे परगण्यात कॅम्बर्लीजवळच्या माळावर जी शर्यत झाली तिला पहिली स्क्रँबल मानतात. पुढे युरोप खंडावर हाच प्रकार मोटोक्रॉस म्हणून वाढला. 1957 मध्ये 500 सीसी गटाची आणि 1962 मध्ये 250 सीसी गटाची जागतिक स्पर्धा सुरू झाली. इथे दर काही सेकंदांनी थ्रॉटल बंद होतो आणि पूर्ण उघडतो. वाळूत इंजिनावर ओझे येते, उडी मारताना ते एकदम उतरते. कार्बुरेटरचे चारही विभाग एका फेरीत दहादा वापरले जातात, आणि त्यांपैकी एकही चुकीचा असला तर वळणातून बाहेर पडताना गाडी अडखळते. त्यातच या खेळात टू-स्ट्रोक इंजिनाने फोर-स्ट्रोकला हटवले. 1964 आणि 1965 मध्ये जेफ स्मिथने बीएसएच्या फोर-स्ट्रोकवर 500 सीसीचे विजेतेपद घेतले. 1966 मध्ये ते पॉल फ्रीडरिक्सने चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेड टू-स्ट्रोकवर नेले. 250 सीसीत हुस्कवार्नावर तोर्स्टन हॉलमन आणि सीझेडवर जोएल रोबेर यांनी हेच आधी दाखवून दिले होते.

टू-स्ट्रोक इंजिन जेटिंगची चूक माफ करत नाही, आणि याचे कारण साधे आहे. त्याच्या पेट्रोलातच तेल असते. तेच पेट्रोल क्रँककेसमधून जाताना बेअरिंग भिजवते, पिस्टनला वंगण देते आणि उडताना त्याची उष्णताही घेऊन जाते. मिश्रण लीन झाले, म्हणजे पेट्रोल कमी पडले, की ज्वलन तापते, थंडावा घटतो आणि वंगणही कमी मिळते. तिन्ही संकटे एकदम येतात. लांब उतारावर थ्रॉटल बंद करून इंजिन जोरात फिरत राहिले की हीच स्थिती येते. पिस्टन फुगतो, सिलिंडरला चिकटतो आणि गाडी सीझ होते. फोर-स्ट्रोकमध्ये जेटिंग चुकले तर स्वार शर्यत हरे. टू-स्ट्रोकमध्ये चुकले तर त्याचा सिलिंडर जाई. एवढी शिक्षा समोर असताना माणूस अंदाजावर राहत नाही, वही घेऊन बसतो.

आता आकड्याकडे येतो. अमलच्या जेटवरचा आकडा भोकाची रुंदी सांगत नव्हता. ठराविक परिस्थितीत त्या जेटमधून मिनिटाला किती घनसेंटिमीटर द्रव वाहतो ते तो सांगत होता. इटलीचे डेलॉर्टो आणि जपानचे केहिन यांनी भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शात मोजायची पद्धत ठेवली. अमलच्या परवान्यावर वाढलेल्या मिकुनीने दोन्ही पद्धतींचे जेट बनवले. हा फरक किरकोळ वाटेल, पण तो नाही. प्रवाहाच्या पद्धतीत 100 चा 105 केला तर पेट्रोल 5 टक्के वाढते. व्यासाच्या पद्धतीत तोच बदल केला तर भोकाचे क्षेत्रफळ 10 टक्क्यांनी वाढते, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. म्हणजे दोन गाड्यांवर सारखेच पाच अंक वाढवणाऱ्याने एका गाडीत दुसरीच्या दुप्पट बदल केलेला असतो. ज्यांनी हे जाणले त्यांनी आकड्यासोबत कार्बुरेटरचे नाव लिहायची सवय लावून घेतली. जेटवर आकडा नसता तर एका माणसाने केलेली जुळवणी त्याच्याबरोबरच संपली असती. आकड्यामुळे ती कागदावर उतरवता आली, पत्राने कळवता आली, पुढच्या वर्षी त्याच मैदानावर पुन्हा लावता आली. झेक, इंग्रज आणि जपानी कारागिरांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण कार्बुरेटरचे नाव सोबत असले की 160 म्हणजे काय हे सगळ्यांना कळत होते. यामाहाने 1968 मध्ये डीटी-1 ही 250 सीसी गटातली गाडी 26 मिलिमीटरच्या मिकुनीसह बाजारात आणली, तेव्हा ती घेणारे हजारो लोक शर्यतवीर नव्हते. साध्या ग्राहकाच्या हातात चार मापांचे जेट आणि क्लिप सरकवून उंची बदलता येणारी पाच खाचांची सुई आली ती अशा गाड्यांमुळे.

हवेचा हिशेब घातल्याशिवाय हे सारे समजत नाही, आणि तो हिशेब आपल्या डोळ्यांसमोरच्या जागांवर मांडता येतो. इंजिन दर फेरीला हवेचे ठराविक आकारमान ओढते. हवा विरळ झाली तर त्या आकारमानातले हवेचे वजन त्याच प्रमाणात घटते. पेट्रोल मात्र जेटमधून दाबाच्या फरकाने येते आणि त्याचा प्रवाह त्या फरकाच्या वर्गमुळाने बदलतो; म्हणून पेट्रोल हवेइतके घटत नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,350 मीटरवर आहे. प्रमाण वातावरणाच्या हिशेबाने तिथली हवा मुंबईपेक्षा साधारण 12 टक्के विरळ असते, तर मिश्रण सुमारे 7 टक्के रिच होते. प्रवाहाच्या आकड्यात 100 च्या जागी 94 च्या आसपासचा जेट लागेल. व्यासाच्या आकड्यात 97 पुरेल. लेहला, 3,500 मीटरवर, हवा जवळजवळ 30 टक्के विरळ होते आणि तोच जेट मिश्रण 19 टक्के रिच करतो. खारदुंग ला ही खिंड ओलांडताना हा आकडा 30 च्या पुढे जातो. 1999 मध्ये सुरू झालेल्या रेड द हिमालयासारख्या शर्यतीत कार्बुरेटरवर उतरणाऱ्याला म्हणून अवघड निवड करावी लागे: खिंडीसाठी जुळवावे, की पायथ्यासाठी? खिंडीसाठी जेट लहान केला तर खाली उतरल्यावर इंजिन लीन होऊन तापणार. शहाणा माणूस रिच बाजूची चूक पत्करी, कारण रिच इंजिन गुदमरते, पण सीझ होत नाही.

उंची बदलायलाही नको. विदर्भात हिवाळ्याच्या पहाटे 10 अंश आणि उन्हाळ्याच्या दुपारी 45 अंश धरले तर हवेच्या घनतेत सुमारे 11 टक्के फरक पडतो. नागपुरात एका जागी उभी असलेली गाडी जानेवारी ते मे या काळात, हवेच्या दृष्टीने, हजार मीटरहून उंच डोंगर चढून गेलेली असते. हे ओळखून मोटोक्रॉस गाड्यांच्या कारखान्यांनी आपल्या पुस्तिकांत कोष्टके छापली: एका बाजूला उंची, दुसऱ्या बाजूला तापमान, आणि प्रत्येक चौकटीत मेन जेट, पायलट, सुई, क्लिपची खाच. केटीएमच्या पुस्तिकांत अशी कोष्टके असत, होंडाच्या सीआर मालिकेच्या पुस्तिकांतही असत. कारखान्यानेच लिहून दिलेली ही कबुली मला सर्वांत मोठा पुरावा वाटते. आम्ही गाडी अपुरी ठेवली आहे, शेवटची पायरी तुमच्या मैदानावर तुम्हीच करायची आहे, असे ते कोष्टक सांगते.

यावर आक्षेप येईल की कोष्टके कारखान्यात होती, गॅरेजात कानावरच काम चाले. आवाज ऐकून, धूर पाहून, प्लगचा रंग बघून मिस्त्री निकाल देत. हे खरे आहे, पण कान आणि डोळे वापरले म्हणजे मोजमाप नव्हते असे होत नाही. प्रश्न ते कशा शिस्तीने वापरले हा आहे. प्लग तपासायची पद्धत पाहा. नवा प्लग घालायचा, सरळ पट्ट्यावर पूर्ण थ्रॉटलने गाडी न्यायची, थ्रॉटल न सोडता क्लच दाबून इंजिन तिथल्या तिथे बंद करायचे, आणि मगच प्लग काढून चिनीमातीच्या मुळाशी असलेला पट्टा बघायचा. इंजिन मंद गतीवर घरंगळत आणले तर दिसणारी काजळी पायलट जेटची असते, मेन जेटची नसते. म्हणजे एक विभाग वेगळा काढून तपासण्याची ही युक्ती आहे. थ्रॉटलच्या मुठीवर पाव, अर्ध्या आणि पाऊण फेरीच्या खुणा करणे हीसुद्धा तीच गोष्ट. एका वेळी एकच बदल, हा नियम गॉर्डन जेनिंग्ज आणि ग्रॅहॅम बेल यांची टू-स्ट्रोकवरची पुस्तके ज्यांनी वाचली त्यांनाही ठाऊक होता आणि ज्यांनी कधी ऐकली नाहीत त्यांनाही, कारण दोन बदल एकदम केले की कोणत्या बदलाने काय झाले ते सांगता येत नाही हे पहिल्याच आठवड्यात कळते. चुका झाल्याच. 2000 च्या फेब्रुवारीपासून भारतभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि प्लगवर चढणारा तो ओळखीचा विटकरी रंग फिका पडला. जे जुन्याच रंगाच्या मागे लागले त्यांनी गाड्या विनाकारण रिच केल्या. पण खूण बदलली तर वाचनही बदलावे लागते, हा अनुभव कोणत्याही मोजमापाच्या विद्येत येतो.

निव्वळ कानाने कधीच न सापडणारी एक गोष्ट टू-स्ट्रोकवाल्यांना माहीत होती, आणि तिच्यावरून माझा मुद्दा स्पष्ट होतो. सीझ होण्याच्या भीतीने नवशिका तेल वाढवतो. 50 ला 1 च्या जागी 20 ला 1 मिसळतो आणि इंजिन सुरक्षित झाले असे मानतो. पण जेटमधून जाणाऱ्या द्रवाचे आकारमान जेट ठरवतो; त्यात तेल जास्त झाले की पेट्रोल कमी होते. 50 ला 1 मध्ये 98 टक्के पेट्रोल असते, 20 ला 1 मध्ये जेमतेम 95. शिवाय तेलकट द्रव भोकातून जड वाहतो. म्हणजे तेल वाढवल्याने मिश्रण लीन होते, आणि जेट न बदलता तेल वाढवणारा माणूस इंजिनाला ज्या धोक्यापासून वाचवू पाहतो त्याच्याच जवळ नेतो. हे निरीक्षणाने आणि नोंदीने कळले. आवाज ऐकून कळले नसते.

महाराष्ट्रात ही विद्या आली ती टंचाईच्या काळात. 1985 मध्ये आलेली यामाहा आरएक्स 100 आणि पुढे टीव्हीएस-सुझुकीची शोगन या छोट्या टू-स्ट्रोक गाड्यांवर इथल्या मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यती उभ्या राहिल्या. परदेशी मोटोक्रॉस गाडी फार थोड्यांना परवडे. रस्त्यावरची गाडी सोलून, उंच करून, सायलेन्सर बदलून ती मातीत उतरवली जाई, आणि सायलेन्सर बदलला की जेट बदलावाच लागे. चेन्नईजवळच्या युकॅलने मिकुनीच्या परवान्यावर आणि चाकणला इचलकरंजीच्या फ्युएल इन्स्ट्रुमेंट्स अँड इंजिनियर्सने केहिनच्या भागीदारीत कार्बुरेटर बनवले, पण शर्यतीला लागणारी जेटांची पूर्ण मालिका दुकानात मिळत नसे. मग भोक मोठे करायला बारीक ड्रिल, लहान करायला डाग देऊन बुजवणे आणि पुन्हा पाडणे, असे उपाय चालले. त्यातले कौशल्य मान्य करूनही मी म्हणेन की इथे आपण मोठे नुकसान करून घेतले. ड्रिल फिरवलेल्या जेटवर 95 लिहिलेले असते आणि तो 95 राहिलेला नसतो. भोक साफ करायला पोलादी तार घातली तरी कडा झिजते आणि माप बदलते. आकडा खोटा झाला की नोंद निरुपयोगी होते, आणि एका गॅरेजात सापडलेले उत्तर दुसऱ्या गॅरेजात जात नाही. ‘ॲव्हरेज वाढवून दे’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकासाठी सुई एक खाच खाली उतरवून गाडी लीन करणारे हातही याच काळात वाढले. रॉकेलवर चालणाऱ्या शेतातल्या छोट्या पंपांपासून कोकणातल्या बागांत गवत कापणाऱ्या यंत्रांपर्यंत, जिथे जिथे छोटे इंजिन गेले तिथे स्क्रू फिरवणारा हात गेला, पण प्रत्येक ठिकाणी वही गेली नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: कार्बुरेटर आणि टू-स्ट्रोक यांनी हवा बिघडवली, तेव्हा त्यांच्या जाण्याचे दुःख कशाला? आक्षेपाचा पहिला भाग मी पूर्ण मान्य करतो. टू-स्ट्रोकमध्ये जळालेला धूर बाहेर ढकलायला ताजे मिश्रणच वापरले जाते आणि त्यातला पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त न जळता बाहेर पडतो. उत्तम जेटिंगनेही हा दोष जात नाही. शहरांतल्या फुप्फुसांपेक्षा कोणतेही कौशल्य मोठे नाही, आणि नियम आले ते योग्यच झाले. पण नियम कसे आले ते पाहिले तर जेटिंगबद्दल काही शिकता येते. अमेरिकेत 1978 पासून मोटारसायकलींच्या धुरावर मर्यादा आल्या आणि त्यानंतर पायलट स्क्रूवर पितळी बूच बसू लागले. कॅलिफोर्नियाने गवतकापणी, करवती, जनित्रे अशा छोट्या ऑफ-रोड इंजिनांसाठी वेगळे नियम केले. तिथल्या यंत्रांवर स्क्रू ठराविक मर्यादेपलीकडे फिरू नये म्हणून टोप्या आल्या, आणि 2024 पासूनच्या बहुतेक नव्या यंत्रांना तिथे धूर सोडायचीच परवानगी उरली नाही. कायदा करणाऱ्यांनी इंजिनाइतकेच लक्ष त्या छोट्या स्क्रूवर ठेवले. पाव फेरीने काय बदलते हे त्यांनी मोजून पाहिले होते. जेटिंगला किरकोळ समजणाऱ्यांपेक्षा त्यांना त्याची ताकद जास्त कळली होती.

तिसरा आक्षेप असा की काहीच हरवलेले नाही: फ्युएल इंजेक्शनमधला मॅप म्हणजे जेटिंगच, फक्त पितळेऐवजी आकड्यांच्या तक्त्यात. सुझुकीने 2008 च्या आरएम-झेड 450 मध्ये इंजेक्शन दिले, होंडाने 2009 मध्ये; भारतात 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियमांनी रस्त्यावरच्या दुचाकींतून कार्बुरेटर जवळजवळ पुसून टाकला. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने आक्षेप बरोबर आहे आणि इंजेक्शनवाली गाडी खारदुंग लापर्यंत जास्त चांगली चढते. पण दाब आणि तापमान मोजून दुरुस्ती करण्याचे काम सेन्सर करतो, तेव्हा ते काम माणसाच्या नजरेआड होते. आपण आज दुरुस्त केले की बिघडवले, हे स्वाराला कळायचे कारण राहत नाही. मॅप बदलता येतो, पण त्यासाठी संगणक, केबल आणि बहुधा कंपनीचा परवाना लागतो; जेट बदलायला एक पाना आणि एक स्क्रूड्रायव्हर लागे. गॅरेजात काम करणाऱ्या पोराला वर्गमूळ न शिकताही वर्गमुळाचा परिणाम हाताने तपासता येत होता, ती सोय गेली. यामाहाच्या वायझेड 250 या मोटोक्रॉस गाडीवर केहिनचा कार्बुरेटर टिकून राहिला, पण खुद्द केहिन 2021 मध्ये हिताची अस्तेमो या नव्या कंपनीत विलीन झाली.

कारखान्यांची कोष्टके जपली जातील, कारण ती छापलेली आहेत. आपल्याकडच्या नोंदी छापलेल्या नाहीत. पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर इथल्या गॅरेजांत ज्यांनी तीस-चाळीस वर्षे आरएक्स आणि शोगन मातीत उतरवल्या, त्यांच्यापाशी आजही तेलकट वह्या असतात, जेटांचे डबे असतात. अशा कोणाची ओळख असेल तर त्यांच्याकडे जा. गाडी कोणती, जागा कोणती, महिना कोणता, तेल किती, मेन जेटवरचा आकडा काय आणि त्याला ड्रिल लावले होते का, सुईची क्लिप कितव्या खाचेत होती, हे विचारून लिहून घ्या. डबा भंगारात जाण्याआधी.